तळहातावर मोजलेले बीप

बाबा, लोक भेटायला येतात आणि माझंच कौतुक करून जातात. काल खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या होत्या. "सून असून मुलीसारखं केलंस हो," म्हणाल्या. आई शेजारीच बसल्या होत्या. मी चहा टाकायच्या निमित्तानं उठले. चहा कोणालाच नको होता. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मुलीसारखं म्हणजे कसं, ते जरा सविस्तर सांगा. आम्हाला मुलगी नाही, त्यामुळे तुलना करता येत नाही." काकू ओशाळून हसल्या असत्या आणि विषय तिथेच संपला असता.

आता विषय संपवणारं कोणी राहिलं नाही. मला मात्र दिवसभर वाटत राहतं की मुलगी असते तर मी तुमच्याशी भांडले असते आणि शेवटी तुमचं ऐकलं असतं. मी सून होते. मी भांडले आणि जिंकले.

या घरात आले तेव्हा तुम्ही मला "आपण" म्हणायचात, आठवतं? अकोल्याची मुलगी, पुण्यात शिकलेली, हडपसरच्या आयटी पार्कात यंत्रांच्या आतले प्रोग्रॅम लिहिणारी. पहिल्याच जेवणाला तुम्ही पानावरून वर न बघता विचारलंत, "आपण कॉम्प्युटरमध्ये का? वा. म्हणजे आमची नोकरी आपण खाल्लीत तर." अभयनं टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. नंतर खोलीत त्यानं सांगितलं की बाबा बँकेत युनियनचे होते, कॉम्प्युटर येणार म्हणून मोर्चात पुढे उभे राहून घोषणा द्यायचे. कॉम्प्युटर आलाच, तेव्हा स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले. "तो विनोद होता गं," अभय म्हणाला. मला तो विनोद वाटला नव्हता. पुढे कितीतरी महिने आपण दोघं एकमेकांशी अतिशय सभ्यपणे वागलो. परक्या माणसाशी वागावं तसं.

तुम्ही गॅलरीत बसायचात. पातळ प्लायवूडच्या पट्ट्या वाकवून, चिकटवून, पॉलिशपेपरनं घासून बोटी करायचात. हातभर लांबीच्या, पांढऱ्या रंगाच्या. आईंच्या वाळवणावर भुसा उडायचा आणि त्यावरून रोज तेच भांडण. बोटी देखण्या होत्या, पण पाण्यात त्या जेमतेम चालायच्या. साधी मोटार, वेग कमी-जास्त करायला तारेचं वेटोळं, ते तापायचं आणि निम्मी बॅटरी नुसती ऊब द्यायला जायची. मग अभय कामासाठी परदेशी गेला तेव्हा तुमच्यासाठी नव्या तऱ्हेची मोटार, लिथियमची बॅटरी आणि त्यांच्यामध्ये बसवायचा स्पीड कंट्रोलर घेऊन आला. आगपेटीपेक्षा थोडा मोठा चौकोन. एका बाजूला बॅटरीच्या दोन जाड वायरी, दुसऱ्या बाजूला मोटारीच्या तीन. रिमोटची काडी जितकी पुढे ढकलू तितकी वीज तो मोटारीला देणार. तुम्ही "छान आहे" म्हणालात आणि खोकं कपाटावर ठेवून दिलंत.

मग एका शनिवारी मी लवकर घरी आले, तर तुम्ही गॅलरीत ते सगळं पसरून बसला होतात. चष्म्यावर भिंग धरून सूचनांचा कागद वाचत होतात. कपाळावर घाम.

"बिघडलेलं आणलंय यानं," तुम्ही म्हणालात. "कागदात लिहिलंय की हे आवाज करून सांगतं. हे काही बोलत नाही."

मोटार त्या वेळी बीप बीप वाजत होती. बारीक, टोकदार आवाज. मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला होता.

"बोलतंय ते, बाबा," मी म्हटलं. "तुम्हाला ऐकू येत नाहीये."

बोलले आणि जीभ चावली. या घरात हे कोणीच म्हणत नव्हतं. आई नुसत्या मोठ्यानं बोलायच्या, अभय समोर येऊन बोलायचा, आणि तुम्हाला कमी ऐकू येतं हे कोणी उच्चारायचं नाही. तुम्ही भिंग खाली ठेवलंत. मला वाटलं, आता "आपण" सुरू होणार.

"काय म्हणतंय?" तुम्ही विचारलंत.

मी खाली बसकण मारली. आधी तुम्हाला बोटीचा पंखा काढून ठेवायला लावला, हाताचं बोट कापलं जाईल म्हणून. मग सांगितलं, की रिमोट पहिल्यांदा चालू करायचा, काडी पूर्ण पुढे ठेवायची, आणि मगच बॅटरी जोडायची. मोटार वाजते, म्हणजे कंट्रोलरला कळलं की सगळ्यात जास्त वेग इथे आहे. मग काडी मध्यावर आणायची. पुन्हा वाजते, म्हणजे कळलं की शून्य इथे आहे. पण वाजल्याचं तुम्हाला कसं कळणार? मी तुमचा डावा हात ओढून घेतला आणि तळहातावर बोट टेकवलं. मोटारीनं एक बीप दिला की एक टिचकी. दोन दिले की दोन.

लग्नानंतर पाया पडण्याव्यतिरिक्त मी तुम्हाला कधी हात लावला नव्हता. तुम्ही क्षणभर हात ताठ धरलात, मग सैल सोडलात.

"म्हणजे आधी त्याला दाखवायचं, की जास्त म्हणजे किती आणि काहीच नाही म्हणजे किती," तुम्ही म्हणालात.

"हो."

"बँकेत नवा मॅनेजर आला की आम्ही हेच करायचो."

मोटार उलटी फिरत होती. मी म्हटलं, तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करा.

"कुठल्याही?"

"कुठल्याही."

"आणि सरळ होतं?"

"होतं."

"मग तुमच्या कंपनीत साहेबलोकांवर हा प्रयोग का करत नाहीत?"

मी हसले तेव्हा तुम्ही माझ्याकडे नीट पाहिलंत, बहुतेक पहिल्यांदाच. नंतर पुढच्या सेटिंगशी झटापट करताना कंट्रोलर काही केल्या ऐकेना, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आता काय करू मी याले!" मी या घरात वऱ्हाडी बोलायचं नाही असं माझं मीच ठरवलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही मान वर केलीत, "याले," म्हणालात, चव घेतल्यासारखं. त्या दिवसापासून कुठलीही वस्तू अडली की तुम्ही तिला "याले" म्हणायला लागलात. कुकरला, दाराच्या कडीला, एकदा तर बँकेतल्या जुन्या मित्रालासुद्धा. आणि मला "तू" म्हणायला लागलात.

मग आपले रविवार सुरू झाले. हडपसरच्या पलीकडे नामदेवरावांची बंद पडलेली दगडाची खाण होती, तिच्यात पाणी साठून तळं झालं होतं. त्यांची बाकीची जमीन टॉवरांखाली गेली होती, खाण मात्र त्यांनी ठेवली होती. कशाला ठेवली ते त्यांनाही सांगता यायचं नाही. "आमचंच हाय, कवाबी या," म्हणायचे, आणि खुर्ची टाकून आपली बोट बघत बसायचे. बोट सुटली की पाठीमागे पांढरी शेपटी उठायची. कंट्रोलर गार राहावा म्हणून त्यातून बारीक नळी काढली होती, चालत्या बोटीत तळ्याचंच पाणी तिच्यातून फिरायचं आणि बाजूनं धार लागायची. ती धार दिसली की तुम्ही खूश. "चालू आहे तिचं," म्हणायचात. कधी पंख्यात शेवाळ अडकून बोट मध्येच थांबली, तर तुमच्याकडे मासेमारीची दोरी आणि तिच्या टोकाला टेनिसचा चेंडू होता. चेंडू बोटीपलीकडे फेकायचा आणि दोरीनं हळूहळू तिला ओढून आणायचं. तुमची फेक चांगली होती. चेंडू बरोबर पडला की नामदेवराव टाळी वाजवायचे.

तिथे काठावर बसून मी तुम्हाला काय काय सांगितलं, बाबा. वडील लवकर गेले ते. त्यांच्याशी मी एकदाही मोठ्यानं बोलले नाही, आणि ते गेल्यावर मनात किती बोलत राहिले ते. अभयलाही मी ते सांगितलेलं नाही. तुम्ही पाण्याकडे बघत ऐकायचात. अर्धं तुम्हाला ऐकू येत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. कदाचित म्हणूनच सांगता आलं. पण एकदा मी गप्प झाल्यावर तुम्ही म्हणालात, "माझ्याशी मोठ्यानं बोलत जा. नाहीतरी तसंच बोलावं लागतं."

बदल करायचा झाला की मी तुमच्याजवळ बसायची. कंट्रोलरची सगळी सेटिंगं बीप मोजूनच बदलावी लागत. बीप माझ्या कानात, टिचकी तुमच्या हातावर, आणि हवा तो आकडा आला की तुम्ही काडी खेचायची. अशा सेटिंगसाठी एक छोटं कार्डही मिळतं, ते जोडलं की आकडे डोळ्यांना दिसतात, बीप मोजावे लागत नाहीत. मी एकदा म्हटलं, मागवू का?

"कशाला?" तुम्ही म्हणालात. "तू आहेस की."

मला तेव्हा इतकं बरं वाटलं, की मी त्या कार्डाचा विषय पुन्हा कधी काढलाच नाही. पासोड्या विठोबाजवळच्या एखाद्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सांगून ठेवलं असतं तर मिळून गेलं असतं. मला ते नकोच होतं. या घरात कोणाला तरी माझ्याशिवाय अडत होतं, ते मला हवं होतं.

मग बॅटरी फुगली. तुम्ही ती तळ्यावर अगदी शेवटच्या थेंबापर्यंत वापरायचात. "आणखी एकच फेरी," म्हणत. कंट्रोलर तेव्हा बॅटरी उतरत आली की वेग हळूहळू कमी करायचा, म्हणजे बोट अर्ध्या वेगानं काठाला येऊ शकेल. तुम्ही त्या अर्ध्या वेगानंही फेऱ्या मारायचात. एका संध्याकाळी गॅलरीत चार्जिंगला लावलेली बॅटरी उशीसारखी फुगली, घरभर गोडसर, विचित्र वास सुटला. आई ओरडल्या. मी ती चिमट्यानं उचलून वाळूच्या बादलीत टाकली. अशी बॅटरी पेटते तेव्हा काय होतं हे मी कामावर पाहिलं होतं. गॅलरीला लागूनच तुमची आणि आईंची खोली.

नवी बॅटरी आली तेव्हा मी कंट्रोलरचं सेटिंग बदललं. बॅटरी किती उतरू द्यायची ती मर्यादा वर नेली, आणि हळूहळू कमी होण्याऐवजी एकदम बंद.

"एकदम बंद म्हणजे?" तुम्ही विचारलंत.

"मर्यादा आली की मोटार बंद. मग फेऱ्या नाहीत."

"अगं, बोट आहे ती, घरातला पंखा नव्हे. मध्ये पाण्यात बंद पडून तिनं काय करायचं?"

"आधीच काठाला आणायची, बाबा. रिमोटला टायमर आहे, तो वाजतो."

"तो मला ऐकू येत नाही."

"मग घड्याळ बघा."

हे मी म्हटलं. याच शब्दांत. तुम्ही दुखावल्याचं दाखवलं नाहीत. उलट हट्टाला पेटलात. "बॅटरी गेली तर गेली. बोट परत आली पाहिजे. कोणासाठी कोण आहे, ते आधी ठरव." मी म्हटलं, "घर जळालं तर बोट ठेवणार कुठे?" आईंनी माझी बाजू घेतली. अभयनंही घेतली. तुम्ही तिघांकडे आळीपाळीनं बघितलंत. "बहुमत आहे," म्हणालात. "युनियनचा माणूस आहे मी. बहुमत मानतो." आणि तळहात पुढे केलात. मी एकेक बीप त्यावर मोजला आणि तुमच्या हातानंच ते सेटिंग बसवून घेतलं.

माझं चुकलं का? अजून ठरवता येत नाही. वासानं घर भरलं होतं, हे खरं. तुम्हाला टायमर ऐकू येत नव्हता, हेही तितकंच खरं. मर्यादा वर ठेवून, बंद मात्र हळूहळू होऊ द्यायचं, असा मधला मार्ग होता. तो मला त्याच आठवड्यात सुचला होता. पण मी जिंकले होते, आणि जिंकलेल्या माणसाला मधल्या मार्गाची घाई नसते.

तुम्हालाही तो सुचला. शुक्रवारी जेवताना तुम्ही म्हणालात, "मर्यादा राहू दे तुझी. पण तेवढं एकदम बंद काढून टाक. रविवारी येशील ना?"

"या रविवारी नव्या प्रोग्रॅमचं रिलीज आहे, बाबा. ऑफिसला जावं लागणार. पुढच्या रविवारी नक्की."

"आत्ता?"

मी लॅपटॉप उघडला होता. "आत्ता नको ना," म्हटलं.

"बरं. बोट काय, थांबेल."

रविवारी मी ऑफिसमध्ये होते. फोन बॅगेत होता. बघितलं तेव्हा नामदेवरावांचे कितीतरी फोन येऊन गेलेले. "म्याडम, घाबरू नका, पन या. बाबांचा पाय सटाकला दगडावरनं. आमी वर घेतलंय. बोलत्यात ते. शिव्या बी देत्यात." अभय तुम्हाला तळ्यावर सोडून गाडीचं टायर बघायला गेला होता, तो माझ्याआधी पोचला. बोट पाण्यात मध्येच उभी होती. तुम्ही चेंडू फेकला होतात, तो अलीकडे पडला होता. आणखी जवळून फेकावा म्हणून तुम्ही खालच्या शेवाळलेल्या दगडावर उतरलात. नामदेवराव नंतर सांगत होते, की तुम्हाला गाडीत घालताना त्यांनी विचारलं, बोट काढू का, तर तुम्ही म्हणालात, "राहू दे. तिला काही झालेलं नाही."

खुब्याचं हाड. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांनी सगळं नीट केलं, पुन्हा पुन्हा समजावून सांगितलं. पण तुम्ही उठेनात. वॉकर धरून दारापर्यंत जायचात आणि पांढरेफटक पडायचात. मी रजा घेतली, मग घरून काम घेतलं. तुम्हाला पुसलं, कूस बदलली, भरवलं. लोक जे कौतुक करतात, ते याचं. त्यांना कसं सांगू, की मी तिथे एका वाक्याची वाट बघत बसलेली असायची. "तुझ्यामुळे झालं," असं तुम्ही म्हणाला असतात, तर मी रडले असते, पाय धरले असते. "तुझ्यामुळे नाही," म्हणाला असतात, तरी रडले असते. तुम्ही दोन्ही म्हणाला नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात, "पाय घसरला." बोट बंद का पडली, हे कोणी विचारलंच तर, "बोटी बंद पडतात." मी खोलीत असले की तर हमखास तेवढंच.

एकदा आई देवळात गेल्या होत्या. मी तुमच्या उशाशी बसून धीर केला. मोठ्यानं, तुम्हाला ऐकू जाईल असं म्हटलं, "बाबा, ते एकदम बंद..."

"आमटीत मीठ कमी होतं आज," तुम्ही म्हणालात.

"बाबा, मला बोलायचंय."

"पाय माझा घसरला," तुम्ही म्हणालात. "माझ्या पायात तुझा प्रोग्रॅम नव्हता." आणि डोळे मिटून घेतलेत. झोपला नव्हतात. पापण्या हलत होत्या. मी पुढे बोलायला हवं होतं. मला तुमची दया नको, असं म्हणायला हवं होतं. मी उठून आमटीत मीठ घातलं.

मग छातीत कफ झाला, ताप चढला, पुन्हा हॉस्पिटल. तोंडावर मास्क. मास्कमधून तुमचं बोलणं आम्हाला कळेना आणि आमचं तुम्हाला ऐकू येईना. दुपारी मला आत सोडलं. तुम्ही मला ओळखलंत. डावा हात चादरीवरून सरकवत आणलात आणि उताणा केलात. तळहात वर.

मी बोट टेकवलं, आणि मला काही सुचेना. इतके दिवस जे बोलायचं होतं, त्याचे बीप आपण कधी ठरवलेच नव्हते. मी बोट नुसतंच ठेवून बसले. तुम्ही मूठ मिटलीत, माझं बोट आत धरून. सिस्टर वेळ झाली म्हणून सांगायला आली, तेव्हा ते सोडवून घ्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

बोट नामदेवरावांनी आणून दिली, पुसून, गोणपाटात गुंडाळून. दाराबाहेर चपला काढून उभे होते, आत येईनात. "लई येगळा मानूस व्हता," एवढंच म्हणाले. ते गेल्यावर मी गॅलरीत बसून बॅटरी मीटरला लावली. बॅटरी ठणठणीत आहे, बाबा. एकही सेल उतरलेला नाही, कुठे फुगवटा नाही. तिला वाचवण्यासाठी जे केलं होतं, ते अगदी बिनचूक चाललं. कामावर मी असा निकाल दाखवला असता, तर सगळ्यांनी शाबासकी दिली असती.

त्यानंतर मला घरात धड उभं राहवेना. तेरावं झाल्यावर आई मेथी निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. एकदम बंद म्हणजे काय, तुम्ही शुक्रवारी काय मागितलं होतंत, मी काय म्हटलं होतं. आईंचे हात थांबले.

"ते बदलून द्यायला किती वेळ लागला असता?"

"थोडाच. चहा होईपर्यंत झालं असतं."

"हं."

त्यांनी एक काडी उचलली, पानं खुडली, काडी बाजूला ठेवली. "मला आत्ता तुला 'असू दे' म्हणता येत नाहीये," त्या म्हणाल्या. "म्हणायला हवं, पण येत नाहीये. चालेल ना?"

"चालेल," मी म्हटलं.

अभयला त्या रात्री सांगितलं. तो छताकडे बघत म्हणाला, "टायर दुसऱ्या दिवशीही बघता आलं असतं."

आई मात्र माझ्याशी गोड वागू लागल्या. "चहा घेतेस का?" "दमली असशील, पड जरा." एकही वाकडा शब्द नाही. तुमच्या घरात इतकी वर्षं काढल्यावर मला कळतं, की इथे गोड बोलतात ते पाहुण्यांशी. मी रोज ऑफिसला जाते, रोज परत येते, आणि रोज मला या घरी पाहुणी म्हणून वाढलं जातं. मी मनात म्हणायची, ओरडा ना एकदा. तुमच्याकडून जे मिळालं नाही ते निदान त्यांच्याकडून मिळेल. पण मिळेना.

आज सकाळी मी गॅलरीतलं तुमचं सामान आवरत होते. प्लायवूडचे तुकडे, डिंकाच्या बाटल्या, पॉलिशपेपर. आवरता आवरता रडू फुटलं आणि आवरेना. आई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"झालं का?" त्या म्हणाल्या. "की अजून आहे?"

मी चमकून वर पाहिलं. तो आवाज गोड नव्हता.

"सारखं माझ्यामुळे, माझ्यामुळे. या घरात काय तू एकटीच राहतेस? दोष घ्यायला इथे रांग लागलीय. त्या रविवारी जाणारच नव्हते ते. 'वैशाली नाही तर जात नाही,' म्हणून इथेच बसून वायरींना सोल्डरिंगचे डाग देत होते, घरभर धूर. माझ्या भिशीच्या बायका यायच्या होत्या. मी म्हटलं, उठा, धूर करत बसू नका, जा त्या डबक्यावर. अक्षरशः बाहेर काढलं मी त्यांना. पायात चपलासुद्धा जुन्या, झिजलेल्या घालून गेले, ते दिसलं मला, तरी बोलले नाही. तेव्हा पहिला नंबर माझा. टायर बघायला गेला त्याचा दुसरा. तुझा तिसरा. मागे उभी राहा, आणि मध्ये घुसू नकोस."

एवढं बोलून त्या तुमच्या स्टुलावर बसल्या, माझ्याकडे पाठ करून, गॅलरीच्या कठड्याकडे तोंड. खाली भाजीवाला ओरडत होता, त्याच्याकडे बघत असल्यासारख्या. पण खांदे हलत होते. आई किती बारीक झाल्यात, बाबा, ते मला आजवर दिसलंच नव्हतं. मी माझ्यातच होते.

मी डोळे पुसले, उठले, आणि त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.